घरच्या घरी मेंदीचा धंदा: रंगाचं आणि पैशाचं गणित

मेंदीच्या धंद्याला भांडवल लागत नाही, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यातल्या एकीनेही स्वतः तो धंदा केलेला नव्हता. बाजारातून कोन आणायचा, मोबाइलवर डिझाइन बघायचं आणि काढायचं, एवढंच तर आहे, असं त्यांचं म्हणणं. पैसा खरंच फार लागत नाही. लागतो तो वेळ. आणि आपल्या वेळेचे पैसे तोंडाने मागणं मला हात बसवण्यापेक्षा जड गेलं.

मी कोल्हापूरची. आधी एका गाड्यांच्या शोरूममध्ये हिशेब बघायचे. धाकटीच्या वेळी नोकरी सोडली ती पुन्हा धरता आली नाही. रांगोळीवर हात बरा होता, गौरी-गणपतीत गल्लीतून बोलावणं असायचं. म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात राजारामपुरीतल्या एका बाईंकडे मेंदीचा क्लास लावला. मला वाटलं होतं, पहिल्या आठवड्यात मोर काढू. बाईंनी बरेच दिवस फक्त रेघा काढून घेतल्या. सरळ रेघ, मग नागमोडी, मग एकसारखे ठिपके, मग पाकळी. रेघ सुरुवातीला जेवढी जाड, तेवढीच शेवटी हवी. नसेल तर पुसा आणि पुन्हा काढा.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मी आता माझ्याकडे येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. कोनाचं टोक कातडीला टेकवायचं नाही. जरासं वर धरायचं, आतून येणारा मेंदीचा दोरा हवेत सोडायचा आणि तो हव्या त्या जागी ठेवत जायचं. टोक टेकवलं की रेघ चपटी होते, फुटते, आणि समोरचीला गुदगुल्या होऊन ती हात हलवते ते वेगळंच. रांगोळीची चिमूट सोडायची सवय इथे कामाला आली. कोयरी, वेल, जाळी, कमळ एवढं हातात बसलं की पुढचं सगळं मांडणीचं काम असतं.

क्लासमध्ये आम्ही बाजारचेच कोन वापरायचो. त्याच कोनांवर मी पहिली कामं घेतली, गल्लीतल्याच बायकांची, एका हाताला ५० रुपये. नागपंचमीला एका घरी दोघी जावांना एकाच खोक्यातले कोन वापरून मेंदी काढली. थोरलीच्या हातावर छान डाळिंबी रंग चढला, धाकटीच्या हातावर फिका शेंदरी. धाकटीचा सगळा राग माझ्यावर. नवऱ्याचं प्रेम कमी म्हणून रंग कमी, असं सासूबाईंनी ऐकवल्यावर तिचं डोकं आणखी फिरलं. कोन किती महिने दुकानात पडून होता हे मला माहीत नव्हतं आणि खोक्यावर आत काय घातलंय ते लिहिलेलं नव्हतं. त्या कोनांना रॉकेलसारखा एक उग्र वासही यायचा. तेव्हाच ठरवलं की मेंदी आपणच भिजवायची.

मग पावडरचा शोध सुरू झाला. लक्ष्मीपुरीत किराणा-मसाल्याच्या दुकानांत मेंदी ढिगाने मिळते, पण ती केसांची. भरड असते, त्यात काड्या असतात, वाळूही असते, आणि वाळूचा एक कण कोनाच्या टोकात अडकला की काम थांबलंच. हातावर काढायला कपडछान केलेली, मैद्यासारखी बारीक पावडर लागते. ती मी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतहून मागवायला लागले. आपल्याकडच्या मेंदीच्या व्यापाराचं ते मोठं ठिकाण, २०२१ मध्ये सोजतच्या मेंदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पुडीवर सोजत लिहिलं म्हणजे आतला माल तिथलाच आणि ताजाच, असं समजू नये. मी आधी छोटी पुडी नमुना म्हणून घेते. चिमूटभर पावडर पांढऱ्या बशीत पाण्यात टाकते. लगेच हिरवंगार पाणी सुटलं तर वरून रंग मिसळलाय. चांगली मेंदी सुकलेल्या गवताच्या वासाची आणि जरा मातकट हिरवी असते, पोपटी नसते. बशीच्या तळाला वाळू बसते का तेही तेव्हाच कळतं.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, पानाच्या वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के. ते कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला धरतं. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथे रंग गडद. हाताच्या पाठीवर पातळ, म्हणून तिथे फिका. हे एकदा नीट समजल्यावर गिऱ्हाइकाला सांगायला माझ्याकडे नवऱ्याच्या प्रेमापेक्षा बरं कारण आलं. सासूबाई मंडळींना ते फारसं आवडत नाही, तो भाग सोडा.

माझं प्रमाण असं: १०० ग्रॅम पावडर, २५ ते ३० ग्रॅम साखर, तेवढंच तेल आणि भिजवायला पाऊण पेला लिंबाचा रस नि लागेल तसं पाणी. साखरेने मेंदी हाताला चिकटून राहते, लवकर सुकून गळत नाही. तेल म्हणजे खोबरेल नव्हे, निलगिरी किंवा लव्हेंडरचं अस्सल सुगंधी तेल. रंग गडद होतो तो त्याच्यामुळे. लवंगाचं तेलही लोक घालतात, पण ते काहींच्या कातडीला झोंबतं, म्हणून मी घालत नाही. डोहाळजेवणाच्या मेंदीत निलगिरीही टाळते, फक्त लव्हेंडर. एक-दोघींनी मला चहाचं पाणी, कात, कॉफी असं बरंच सुचवलं. करून पाहिलं, रंगात फरक दिसला नाही, सोडून दिलं.

भिजवलेली मेंदी झाकून ठेवायची. कोल्हापुरातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात सहा-आठ तासांत रंग सुटतो, डिसेंबरात रात्रभर ठेवूनही सकाळी थांबावं लागतं. वरचा थर तपकिरी आणि चमच्याने खालचं उकरलं तर हिरवं, असं दिसलं की तळहातावर एक ठिपका लावून बघायचा. पाच मिनिटांनी पुसल्यावर शेंदरी डाग राहिला तर मेंदी तयार. मग ती नव्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायची. हे काम किळसवाणं दिसतं, मनगटं दुखतात, पण गाळल्याशिवाय केसासारखी बारीक रेघ निघत नाही. शेवटी सेलोफेनचे तुकडे कापून कोन वळायचे, भरायचे, चिकटपट्टी लावायची आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवायचे. बाहेर एक-दोन दिवसांत रंग मरतो, फ्रीझरमध्ये काही महिने टिकतो.

आणि फ्रीझर घरात एकच. आमच्या सासूबाई शांत बाई आहेत, पण एकदा म्हणाल्या, "अगं, कोथिंबिरीला पण तुझ्या निलगिरीचा वास मारतोय. आमटीत काय घालू?" घट्ट झाकणाचे डबे आणले, तरी बर्फाला वास यायचाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो प्रश्न पंचगंगेनेच सोडवला. नागपंचमीसाठी फ्रीझर कोनांनी भरून ठेवला होता आणि महापूर आला. आमच्या भागात पाणी शिरलं नाही, पण वीज गेली ती गेलीच. सगळे कोन वितळून आंबले. तसंही त्या आठवड्यात कोणाला मेंदी सुचणार होती? लोक अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडत होते. पुढचं वर्ष टाळेबंदीचं. लग्नाला पन्नास माणसं, त्यात मेंदीवालीचा नंबर कुठला. त्या काळात मी फक्त हात चालू ठेवला, घरातल्या घरात.

खरी कमाई सुरू झाली ती त्यानंतरची, आणि ती सुरू झाली हिशेबाच्या वहीमुळे. नवरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत, याचे मी ८०० रुपये घ्यायचे. हिशेब बघायचं काम केलेली बाई मी, एके दिवशी बसले मांडायला. बसून काढायला पाच तास. कोन भिजवणं-गाळणं-भरणं वेगळं. पावडर, तेल, सेलोफेन, रिक्षा. तेल सगळ्यात महाग, हे कोणाला सांगून खरं वाटत नाही. जमाखर्च पाहिला तर धुण्याभांड्याच्या मावशींना माझ्यापेक्षा तासाला जास्त मिळत होतं. भाव वाढवला. वाढवला तेव्हा काही जणी गेल्या, बऱ्याचशा राहिल्या. आता नवरीचे ४,००० घेते, पाहुण्यांच्या साध्या हाताला १५०, गावाबाहेर असेल तर गाडीभाडं वेगळं, आणि तारीख पक्की करताना एक चतुर्थांश विसार. विसाराशिवाय वहीत नाव चढत नाही. ऐन लग्नसराईत तारीख अडवून ठेवायची आणि आदल्या दिवशी "अहो, आमच्या पुतणीलाच येते मेंदी" म्हणायचं, हे विसारानं थांबलं.

नातेवाइकांचं मात्र अजून अवघड आहे. "घरचीच आहेस की, दोन बोटं काढ नुसती." दोन बोटं कधी दोन बोटं राहत नाहीत. चुलत नणंदेच्या लग्नात मी सरळ सांगितलं की नवरीची मेंदी माझ्याकडून आहेर, बाकीच्यांचे हाताप्रमाणे पैसे. दोन दिवस तोंडं वाकडी होती. नंतर त्याच बायकांनी आपापल्या मैत्रिणींना माझा नंबर दिला.

नवरीच्या मेंदीचं मुख्य काम ब्रशाचं नाही, कोनाचंही नाही, वेळापत्रकाचं आहे. मेंदी खरवडून काढल्यावर पहिल्यांदा शेंदरी दिसते, हवेने ती गडद होत जाते आणि दोन दिवसांनी पूर्ण रंगते. म्हणजे रविवारी लग्न असेल तर मेंदी गुरुवारी संध्याकाळी, फार तर शुक्रवारी सकाळी. शनिवारी हळद. मी फोनवरच विचारते: वॅक्सिंग झालं का? पार्लरचं हातापायाचं घासणं झालं का? ते सगळं मेंदीच्या आधी. नंतर केलं तर कातडीचा वरचा थर जातो आणि त्याच्याबरोबर माझी पाच तासांची मेहनत. एकदा पार्लरवाल्या ताई आणि मी नवरीच्या देखत यावरून भांडलो आहोत. आता आम्ही दोघी एकमेकींना कामं देतो.

बसायच्या आधी नवरीला जेवायला घालायचं आणि बाथरूमला जाऊन यायला सांगायचं. हे वाचायला हसू येतं, पण कोपरापर्यंत ओल्या मेंदीचे हात घेऊन ती पोरगी जाणार कुठे? साडी नको, पुढून उघडणारा, बाह्या नसलेला कपडा हवा. मी माझी उशी, माझा बॅटरीवरचा दिवा आणि पाठीला टेकायला एक लोड घेऊन जाते. कार्यालयातल्या पिवळ्या झुंबरांच्या उजेडात बारीक जाळी दिसत नाही. काढून झाल्यावर साखर-लिंबाचं पाणी कापसाने टिपायचं, फार नाही, नाहीतर रेघा पसरतात. तव्यावरच्या लवंगांची धुरी द्यायची. धुरीने मुख्यतः ऊब मिळते, पण ती नसेल तर आज्या नाराज होतात. निदान सहा तास, जमलं तर रात्रभर ठेवायची. धुवायची नाही, सुरीच्या बोथट बाजूने खरवडायची आणि पुढचा दिवसभर शक्यतो पाणी टाळायचं.

डिझाइनचं म्हणाल तर नवऱ्या मोबाइलमध्ये राजस्थानी दुल्हा-दुल्हन, डोली, हत्ती घेऊन येतात. मी विचारते, तुमच्या लग्नात हत्ती आहे का? मग हळूहळू मुंडावळ्या बांधलेले चेहरे, नथ, सनई-चौघडा, तुळशी वृंदावन, पैठणीच्या पदरावरचा मोर असं निघतं. मराठी लग्नात मेंदीचा एवढा थाट पूर्वी नव्हताच. माझी आजी मेंदीचा पाला पाट्यावर कात आणि लिंबू घालून वाटायची, तळव्यावर मधोमध एक गोळा आणि बोटांच्या टोकांना टोप्या, झालं. आता डीजे लावून मेंदीची वेगळी संध्याकाळ होते. नावं ठेवणारे ठेवोत, माझं घर त्यावर चालतं. मात्र तळव्यावर अंबाबाई किंवा गणपती काढून द्यायला मी नाही म्हणते. त्याच हाताने पुढे आठ दिवस जेवायचं, भांडी घासायची. त्याऐवजी कमळ, कलश काढून देते. पायावर तर प्रश्नच नाही.

सगळ्यात जास्त वाद होतात ते काळ्या रंगावरून. "आम्हाला काळीकुट्ट पाहिजे, दहा मिनिटांत." मेंदी काळी नसते आणि दहा मिनिटांत रंगत नाही. जी रंगते तिच्यात दुसरंच काही असतं. काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन, हे केसांच्या काळ्या रंगातलं रसायन घातलेलं असतं. आमच्याच भागातल्या एका मुलीने जत्रेत असा काळा विंचू मनगटावर काढून घेतला होता. आठवड्याभरात विंचवाच्या आकाराचे फोड उठले, एकेका नांगीसकट. त्वचेच्या डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं की हिला आता आयुष्यभर केसांचा काळा रंग लावताना जपावं लागेल, कारण या रसायनाची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. तो हात मी पाहिला आहे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोनावर चिठ्ठी असते: मेंदी, साखर, लिंबू, कुठलं तेल, भिजवल्याची तारीख. कोणी घरून स्वतःचा इमर्जन्सी कोन, म्हणजे असाच झटपट रंगणारा, आणून "हा वापरा" म्हणालं तर उठून येते. तान्ह्या बाळांच्या हातापायावरही मी काढत नाही, कितीही हौस असो. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असते त्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीने फुटू शकतात, आणि ती कमतरता बाहेरून दिसत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी आधारवर, सरकारी संकेतस्थळावर, फुकट होते. एका एजंटाने त्याचेच मला १,५०० सांगितले होते. कामाला थोडीच माणसं असतील तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकान-धंद्याच्या नोंदणीसाठी, ऑनलाइन सूचना दिली की भागतं. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि माझी त्याच्या जवळपासही नाही. अडलं ते एका ठिकाणी. महाद्वार रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, "ताई, महिन्याला पाचशे कोन द्या, माझ्या नावाचं लेबल लावतो." आकडा ऐकून बरं वाटलं. पण विकायला सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर २०२० च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो, त्यासाठी स्वतंत्र जागा आणि शिकलेला तांत्रिक माणूस. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन विचारून आले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ते बसत नाही. नको म्हणून कळवलं.

वर्षाचं गणित असं की तुळशीचं लग्न लागलं की फोन वाजायला लागतो आणि मेअखेरपर्यंत वाजत राहतो. आषाढात कोणी विचारत नाही. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात हरितालिका, आणि तेव्हा कोल्हापूरच्या पावसात मेंदी वाळता वाळत नाही, हेअर ड्रायर सोबत न्यावा लागतो. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि सगळा हंगाम महिनाभर पुढे सरकला. पावडर मात्र नेहमीच्या हिशेबाने आधीच मागवून ठेवलेली. ईदची रात्र वेगळीच. चंद्र आज दिसणार की उद्या, यावर कामाचा दिवस ठरतो, त्यामुळे दोन्ही दिवसांची तयारी ठेवायची आणि चंद्र दिसला की रात्री दोनपर्यंत मान वर करायची नाही. रांगेतल्या चाचींनी आणून दिलेला चहा तसाच निवतो. करवा चौथला गुजरीतल्या मारवाडी घरांतून बोलावणं येतं. त्या बायकांना मेंदीतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, रेघ वाकडी गेली तर तिथल्या तिथे बोट ठेवतात.

आता कॉलेजातल्या दोन मुली पाहुण्यांचे हात काढायला माझ्याबरोबर येतात, हाताप्रमाणे पैसे घेतात. जुना एक फ्रीज मेंदीसाठी वेगळा घेतलाय, तो जिन्याखाली असतो. आमच्या ह्यांचं म्हणणं आहे की आता रस्त्यावर गाळा घ्यावा, पाटी लावावी. मी वही काढून दाखवली. नवऱ्या गाळ्यात येत नाहीत, मीच त्यांच्या घरी जाते. गाळ्यात येणार त्या सणासुदीच्या बायका, म्हणजे वर्षातले मोजके आठवडे. बाकीचे महिने भाडं कोण भरणार? त्यापेक्षा पावडर किलोवर न घेता एकदम दहा किलो घेतली, तर तेलाच्या वाढलेल्या भावाची थोडी भरपाई होईल. ह्यांना अजून पटलेलं नाही. अक्षय तृतीयेच्या तारखा भरल्यात, त्या उरकल्या की पुन्हा बसू वही घेऊन.